ट्रस्टांचा वैरी : थर्मन आर्नल्ड यांची वकिली

एखाद्या पेठेंतले सारे गूळव्यापारी रात्रीं एका ओसरीवर जमले आणि उद्यांपासून अमुक भावाखालीं कोणीं उतरावयाचें नाहीं असें त्यांनीं आपसांत ठरविलें, तर सकाळीं पिशवी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकानें दाद कोणाकडे मागावी? दुकानें दहा दिसतात, पण भाव एकच. ज्याला तो पटत नसेल त्यानें गुळावांचून राहावें.

अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रकार तेल, साखर इत्यादि धंद्यांत प्रचंड प्रमाणावर झाला. निरनिराळ्या कंपन्यांचे भागीदार आपले भाग थोड्या विश्वस्तांच्या हवालीं करीत, आणि ते विश्वस्त साऱ्या कंपन्यांचा कारभार एकाच तंत्रानें चालवीत. विश्वस्तपणाला इंग्रजींत 'ट्रस्ट' म्हणतात. अज्ञान मुलांच्या आणि धर्मादायाच्या मिळकतीसाठीं योजलेला हा सोज्ज्वळ शब्द अशा रीतीनें मक्तेदारीला चिकटला. पुढें १८९० सालीं शर्मन कायदा झाला. व्यापाराला अटकाव करणारा करार किंवा कट हा गुन्हा, आणि मक्तेदारी बळकावणें किंवा बळकावूं पाहणें हाहि गुन्हा, एवढेंच त्याचें सार. १९११ सालीं याच कायद्याच्या बळावर स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य कंपनीचे तुकडे पाडण्यांत आले. पण अशा मोजक्या प्रसंगांनंतर कायदा पुष्कळसा कपाटांतच राहिला. तो चालविण्यासाठीं सरकारनें नेमलेले वकील इतके थोडे असत, कीं एका मोठ्या कंपनीच्या बचावाला त्यांहून अधिक वकील उभे राहावेत!

हा कायदा ज्यांनीं खऱ्या अर्थानें कामाला जुंपला, त्या थर्मन आर्नल्ड यांचा जन्म १८९१ सालीं वायोमिंग संस्थानांतील लॅरमी या गांवीं झाला. वडील वकील होते आणि गुरांचा मळाहि राखून होते. प्रिन्स्टन व हार्वर्ड येथें शिक्षण, शिकागोंत थोडी वकिली, पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें तोफखान्यांत चाकरी, आणि मग पुन्हां गांवीं, असा क्रम झाला. १९२१ मध्यें ते तेथल्या कायदेमंडळांत निवडून गेले, तेव्हां आपल्या पक्षाचे ते एकटेच सभासद होते. सभापतीच्या निवडणुकीच्या वेळीं त्यांनीं उठून स्वतःचेंच नांव सुचविलें, पुन्हां उठून त्याला स्वतःच अनुमोदन दिलें, आणि तिसऱ्यांदां उठून, 'कोणा बेजबाबदार सभासदानें माझें नांव सुचविलें आहे, तें मी परत घेतों,' अशा अर्थाचें भाषण केलें, अशी गोष्ट सांगतात. हा विनोदी स्वभाव त्यांना जन्मभर पुरला, क्वचित् नडलाहि. पुढें ते येल विद्यापीठांत कायद्याचे अध्यापक झाले.

तेथें असतां १९३७ सालीं त्यांनीं भांडवलशाहीच्या लोककथांविषयीं एक पुस्तक लिहिलें आणि त्यांत ट्रस्टविरोधी कायद्याची यथेच्छ टवाळी केली. हा कायदा म्हणजे एक व्रतवैकल्य आहे. लोकांचा राग नैतिक प्रवचनांत आणि समारंभांत जिरून जातो, आणि मोठे कारखाने निर्वेधपणें वाढत राहतात, असा त्यांचा अभिप्राय होता. ट्रस्टांविरुद्ध आयुष्यभर गर्जना करणारे सेनेटर बोरा यांचाहि समाचार त्यांनीं त्यांतच घेतला होता. आणि पुढच्याच वर्षीं, १९३८ च्या मार्चमध्यें, अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं तोच कायदा चालविणाऱ्या खात्याच्या प्रमुखपदीं याच गृहस्थांना नेमलें! नेमणुकीला मंजुरी देण्यापूर्वीं सेनेटच्या समितीनें त्यांना बोलाविलें, तेव्हां प्रश्न विचारावयास समोर खुद्द बोरा होते. आर्नल्ड यांना शब्द जपून वापरावे लागले. कायदा वाईट नसून त्याची अंमलबजावणी झाली नाहीं, हें आपलें गाऱ्हाणें आहे, असा पवित्रा त्यांनीं घेतला. ही सारवासारव होती असें कोणी म्हणेल. परंतु पुढील पांच वर्षांत त्यांनीं जें केलें तें पाहतां हें म्हणणें टिकत नाहीं.

त्यांनीं खात्यांतील वकिलांची संख्या अनेक पटींनीं वाढविली आणि एकेका कंपनीवर खटला भरण्याऐवजीं सबंध धंदाच एकदम तपासावयास घेतला. घर बांधण्याचा खर्च कां वाढतो हें पाहावयाचें, तर माल तयार करणारे, दलाल, कंत्राटदार आणि कामगारांचे संघ या सर्वांवर, आणि अनेक शहरांत एकाच वेळीं, फिर्यादी होऊं लागल्या. मोठेपणा हा त्यांच्या लेखीं गुन्हा नव्हता. गिऱ्हाइकाला जास्त दाम मोजावा लागला कीं नाहीं, ही त्यांची कसोटी होती. चित्रपट-कंपन्यांवर १९३८ मध्यें त्यांच्या खात्यानें खटला भरला. या कंपन्या चित्रें काढीत, मोठीं थिएटरेंहि बाळगीत, आणि इतर थिएटरवाल्यांच्या गळ्यांत एका चांगल्या चित्राबरोबर टुकार चित्रांचा गठ्ठाहि बांधीत. त्या खटल्याचा शेवटचा निकाल १९४८ सालीं सुप्रीम कोर्टांत सरकारच्या बाजूनें लागला, आणि चित्रें काढणें व थिएटरें चालविणें हे धंदे अलग झाले.

त्याहून धाडसाचा खटला डॉक्टरांवरचा होता. वॉशिंग्टन येथील कांहीं सरकारी नोकरांनीं १९३७ मध्यें एक मंडळी स्थापन केली. दरमहा ठराविक वर्गणी द्यावी आणि मंडळीनें पगारावर ठेवलेल्या डॉक्टरांकडून औषधोपचार घ्यावा, अशी तिची योजना होती. वैद्यकीय संघटनांना ही सोसली नाहीं. मंडळीची नोकरी धरणाऱ्या डॉक्टरांवर बहिष्कार पडला; इस्पितळांचीं दारें त्यांना बंद होऊं लागलीं. डॉक्टरी हा धर्म आहे, व्यापार नव्हे, असा बचाव झाला. परंतु १९४१ मध्यें ज्युरीनें अमेरिकन मेडिकल असोसिएशन व तिची स्थानिक शाखा यांस दोषी ठरविलें, आणि १९४३ सालीं सुप्रीम कोर्टानेंहि तो निकाल कायम केला. दंड अनुक्रमें अडीच हजार आणि दीड हजार डॉलर, म्हणजे त्या संस्थांच्या मानानें चिल्लरच. पण आजाऱ्याच्या अडचणीवर कोणाची मक्तेदारी असूं नये, हें तत्त्व कोर्टाच्या दप्तरीं नमूद झालें.

सर्वच डाव साधले नाहींत. सुतारांच्या संघावरील खटला १९४१ सालीं सुप्रीम कोर्टांत फसला आणि कामगारसंघांवर हें शस्त्र चालविण्याचा मार्ग बहुतेक खुंटला. मग युद्ध आलें. मार्च १९४२ मध्यें स्टँडर्ड ऑइल (न्यू जर्सी) हिनें जर्मनीच्या आय. जी. फार्बेन कंपनीशीं केलेल्या करारांचें प्रकरण सुमारें पन्नास हजार डॉलर दंडावर आणि पेटंटें खुलीं करण्याच्या अटीवर तडजोडीनें मिटलें. या करारांमुळें कृत्रिम रबराचें काम मागें पडलें, असा सरकारचा आरोप होता. कंपनीला तो मान्य नव्हता. त्याच महिन्यांत, युद्धसामग्रीच्या उत्पादनाला अडथळा होईल असे खटले तहकूब ठेवण्याचें ठरलें. युद्ध लढावयाचें तर कारखानदार हवे, आणि कारखानदार हवे तर त्यांना कोर्टांत खेंचून चालत नाहीं. आर्नल्ड यांना १९४३ मध्यें अपील कोर्टाचें न्यायाधीशपद मिळालें. तो मान होता आणि सुटकाहि होती. फक्त कोणाची, एवढाच प्रश्न. दोन वर्षांतच त्यांनीं तें सोडलें. मूर्खांचें ऐकत बसण्यापेक्षां मूर्खांपुढें बोलणें बरें, असें ते म्हणाल्याचें सांगतात.

त्यानंतर एब फोर्टस व पॉल पोर्टर यांच्यासह त्यांची वकिलीची पेढी वॉशिंग्टनमध्यें उभी राहिली. तिघेहि सरकारी कामांतून आलेले. ज्या हातानें फिर्यादी लिहिल्या, तोच हात आतां मोठ्या कंपन्यांच्या कैफियती लिहूं लागला. यावर टीका झाली, आणि ती अगदींच गैर नव्हती. तरी या धंद्याचा एक विशेष ध्यानांत घेतला पाहिजे. मक्तेदारीच्या कायद्यांतील खासगी वकिलाचें पुष्कळसें काम कोर्टांत नसतेंच. दोन कंपन्यांनीं एक व्हावें कीं नाहीं, दुकानदाराला भाव बांधून देतां येतो कीं नाहीं, हें तो आपल्या कचेरींत बसून सांगतो, आणि सरकारी खात्याची वचक असली तरच त्याचा सल्ला ऐकला जातो. शिवाय मक्तेदारीनें नाडलेल्या लहान व्यापाऱ्यालाहि तिप्पट नुकसानभरपाई मागण्याचा हक्क त्या कायद्यानें दिलेला आहे, आणि त्यालाहि वकील लागतोच.

पेढीला पैसा मिळाला, तो कोठें खर्च झाला हेंहि पाहण्यासारखें आहे. १९४७ नंतर सरकारी नोकरांच्या राजनिष्ठेच्या चौकशा सुरू झाल्या, तेव्हां कम्युनिस्टपणाचा संशय आलेल्या माणसाचें वकीलपत्र घेण्यास भलेभले कचरत. या पेढीनें तशीं अनेक प्रकरणें फी न घेतां चालविलीं. डोरोथी बेली या बाईंना कोणा अज्ञात खबऱ्यांच्या सांगण्यावरून नोकरीवरून काढण्यांत आलें होतें. ते खबरे कोण, हें चौकशी करणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनाहि माहीत नव्हतें! १९५१ सालीं सुप्रीम कोर्टांत चार विरुद्ध चार असा मतभेद झाला आणि बाई हरल्या. पेढीनें त्यांना आपल्याच कचेरींत व्यवस्थापक म्हणून ठेवून घेतलें.

फोर्टस १९६५ सालीं सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले, तेव्हां त्यांचें नांव पाटीवरून उतरलें. त्याच वर्षीं आर्नल्ड यांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. ते ७ नोव्हेंबर १९६९ रोजीं वारले. पेढी अद्याप चालू आहे. तिच्या पाटीवर पहिलें नांव त्यांचेंच असून, मक्तेदारीच्या आरोपांविरुद्ध मोठ्या कंपन्यांचा बचाव करणें हा आजहि तिच्या कामाचा एक भाग आहे.