बिटला फक्त अंतर कळतं

लाकडात खाचा पाडायचा राउटर उलटा करून टेबलाखाली बसवला की वर फक्त त्याचं कापणारं टोक, म्हणजे बिट, दिसतं. १२ मिलिमीटर व्यासाचं बिट मिनिटाला २०,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या धारेचा वेग ताशी ४५ किलोमीटर होतो. त्याला दोन पाती असतील तर सेकंदाला साडेसहाशेहून जास्त घाव लाकडावर बसतात. हातानं लाकूड सेकंदाला पाच सेंटिमीटर सरकवलं तर एका घावाच्या वाट्याला जेमतेम पाऊण दशांश मिलिमीटर येतो. प्रत्येक छिलका साध्या कागदाहून पातळ! म्हणून तर सागवानावर राउटर फिरवल्यावर पॉलिशपेपर मारल्यासारखी गुळगुळीत खाच हाताला लागते.

या सगळ्या धावपळीत लाकूड नेमकं कुठून जाणार, हे ठरवते बिटामागची एक उभी, सरळ पट्टी. कारागीर तिला फेन्स म्हणतात, काही जण नुसतं गाईड म्हणतात. बारामती किंवा इंदापुरात फर्निचरचं काम करणारा कुणी राउटर टेबल करायला घेतो, तेव्हा बहुतेक पैसा आणि विचार मशीन आणि बिटांवर जातो. फेन्सचा नंबर शेवटी लागतो. आणि मग ॲल्युमिनियमच्या, दोन्ही बाजूंना मापपट्ट्या आणि बारीक स्क्रू असलेल्या तयार फेन्सची किंमत पाहून माणूस गांगरतो. इतकं सगळं खरंच लागतं का?

टेबल-करवतीची सवय असलेला माणूस म्हणेल, लागतं. करवतीचं पातं सपाट असतं, त्याला दिशा असते. फेन्स पात्याला समांतर नसेल तर लाकूड अडकतं, जळतं, प्रसंगी उलटं अंगावर येतं. राउटरचं बिट मात्र गोल आहे, आणि गोल वस्तूला दिशा नसते. नीरा डाव्या कालव्याजवळची एखादी विहीर डोळ्यांसमोर आणा. विहिरीपासून कालव्याच्या काठापर्यंतचं सगळ्यात जवळचं अंतर ५० फूट आहे. कालवा तेवढंच अंतर राखून पूर्व-पश्चिम गेला काय किंवा थोडा तिरका गेला काय, विहिरीच्या लेखी काहीच बदलत नाही. बिट म्हणजे ती विहीर आणि फेन्स म्हणजे तो काठ. फेन्स टेबलाच्या कडेशी वाकडी दिसली तरी लाकूड फेन्सला टेकूनच सरकतं, त्यामुळे खाच लाकडाच्या कडेशी शंभर टक्के समांतरच पडते. मला ही गोष्ट भूमितीच्या पुस्तकातल्या कुठल्याही प्रमेयाइतकी सुंदर वाटते.

यातून एक विलक्षण सोय हाती येते. फेन्सचं एक टोक एका बोल्टावर पक्कं करा, तेवढ्यावरच ती फिरू द्या. दुसरं टोक मोकळं ठेवा आणि माप जमलं की शिकंज्यानं आवळा. बिट बोल्ट आणि मोकळं टोक यांच्या बरोबर मध्यावर असेल, तर टोक १ मिलिमीटर सरकवल्यावर बिटापाशी फेन्स अर्धाच मिलिमीटर सरकते. बोल्टापासून एक तृतीयांश अंतरावर बिट असेल तर एक तृतीयांश मिलिमीटर. हाताची चूक आपोआप निम्मी किंवा त्याहून कमी होते. टोकाच्या मागे एक ठोकळा आवळून ठेवा, फेन्स आणि ठोकळा यांच्यामध्ये साधे दोन कागद सारा आणि टोक पुन्हा त्यांना भिडवून आवळा: दोन कागदांची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर, म्हणजे खाच ०.१ मिलिमीटरनं हलली. महागड्या स्क्रूचं काम वहीचे दोन कागद करतात.

समजा ड्रॉवरच्या फळीत तळाच्या प्लायसाठी खाच पाडायची आहे. ६ मिलिमीटरचा म्हणून आणलेला प्लाय मोजला तर बऱ्याचदा तेवढा भरत नाही. ६ च्या बिटानं पाडलेल्या खाचेत तो खुळखुळतो. त्यापेक्षा ५ चं बिट लावावं, एक फेरी मारावी आणि उरलेल्या फरकासाठी फेन्स हलवून दुसरी फेरी घ्यावी. बिट मध्यावर आणि फरक ०.६ असेल तर मोकळं टोक १.२ सरकवायचं.

इथे थोडं थांबून नीट पाहण्यासारखं काही आहे. टेबलात बसवलेलं बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. आपण समोर उभे आहोत, फेन्स बिटाच्या पलीकडे आहे आणि लाकूड उजवीकडून डावीकडे ढकलतो आहोत. अशा वेळी बिटाची धार न कापलेल्या लाकडात शिरताना त्याला दोन दिशांना रेटते: आपल्या हाताच्या विरुद्ध आणि फेन्सकडे. म्हणजे कापणारं बिटच लाकूड फेन्सला चिकटवून धरतं! तेच लाकूड डावीकडून उजवीकडे ढकललं तर बिट ते हातातून हिसकावून घेतं आणि फेन्सपासून दूर लोटतं. म्हणून दुसऱ्या फेरीसाठी फेन्स नेहमी मागे, आपल्यापासून लांब न्यायची. मग नवा काप बिटाच्या आपल्याकडच्या बाजूनं पडतो आणि रेटा फेन्सकडे राहतो. फेन्स पुढे ओढून खाच रुंद केली तर काप बिटाच्या मागच्या बाजूनं पडतो, सगळं गणित उलटं होतं आणि बोटं धोक्यात येतात. फेन्स आणि बिट यांच्या फटीतून तर फळी कधीच घालू नये. ती बाणासारखी सुटते.

समांतर असण्याची अट गेली, पण तीन अटी उरतात, आणि त्यांत सूट नाही. फेन्स सरळ हवी, गुण्यात हवी आणि हलता कामा नये. टेबलावर आडवा गेज, म्हणजे लाकूड काटकोनात धरून ढकलायची सरकती पट्टी, सरकवायची खाच केली असेल आणि गेज व फेन्स एकाच वेळी वापरायचे असतील, तेव्हा मात्र फेन्स त्या खाचेला समांतर लागते. तेवढा एक अपवाद.

सरळपणा तपासायला यंत्र लागत नाही. फेन्सची कड प्लायवर ठेवून टोकदार पेन्सिलीनं रेघ मारा. मग पट्टी पालथी करून तीच कड त्याच दोन टोकबिंदूंना लावा आणि पुन्हा रेघ मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर कड सरळ. मध्ये फट दिसली तर जेवढी फट, त्याच्या निम्मा वाक. चूक स्वतःला दुप्पट करून दाखवते. मग पहिलावहिला खरा सपाट पृष्ठभाग कुणी आणि कशावरून केला? इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी ही रीत १८४० मध्ये शास्त्रज्ञांच्या सभेपुढे मांडली: तीन पत्रे घ्यायचे आणि दोन-दोनच्या जोड्यांनी एकमेकांवर जुळवत खरवडायचे. दोन पत्रे एकमेकांवर तंतोतंत बसू शकतात आणि तरी एक फुगीर, दुसरा खोलगट असू शकतो. तिसरा आला की ती लबाडी चालत नाही. तिन्ही एकमेकांवर बसायचे तर तिघांनाही सपाटच व्हावं लागतं. आधी काहीही सरळ नसताना सरळपणा असा जन्माला घालता येतो!

लेथपासून मिलिंगपर्यंतची यंत्रं अशाच सरळ मार्गांवर चालतात. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रं बनत आली आहेत, आणि १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या रॉकेटच्या ३.२ मीटर व्यासाच्या बूस्टरचे भागही तिथे घडले. कापताना हत्याराला किंवा लाकडाला सरळ वाट दाखवायची, हे तत्त्व तिथल्या अवाढव्य यंत्राचंही आहे आणि प्लायच्या टेबलावरच्या फेन्सचंही.

गुण्याचं म्हणाल तर फेन्स टेबलाशी नुसती एक अंश कलली तरी ५० मिलिमीटर उभ्या फळीत जवळजवळ ०.९ मिलिमीटरचा फरक पडतो. दाराच्या शटरला ती फट लगेच डोळ्यांत खुपते. टेबलावर गुण्या उभा करून मागे मोबाइलची बॅटरी लावा. उजेडाची रेघ कुठे दिसते ते पाहा.

आता फेन्स कशाची घ्यावी? अखंड लाकडाची नको, असं माझं स्पष्ट मत आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात आणि पावसाळ्याच्या दमट हवेत लाकूड आडवं आकसतं-फुगतं आणि पट्टी हळूहळू धनुष्य होते. एमडीएफ सपाट असतो, पण पाणी लागलं की फुगतो. १८ मिलिमीटरच्या चांगल्या प्लायच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून काटकोनात उभ्या केल्या, मागून त्रिकोणी आधार दिले आणि समोर सनमायका लावला, की फेन्स वर्षानुवर्षं टिकते. किंवा खिडक्यांचं काम करणाऱ्याकडून जाड भिंतीचा आयताकृती ॲल्युमिनियम पाइप घ्यावा, पण दुकानातच रेघेची कसोटी लावून.

समोरचा भाग दोन तुकड्यांत करावा म्हणजे बिटाभोवतीची फट कमी-जास्त करता येते. फट जेवढी अरुंद, तेवढ्या कडा कमी फाटतात. शिवाय डावीकडच्या तुकड्यामागे १ मिलिमीटर सनमायकाचा तुकडा सारला, फेन्सचा तो डावा भाग बिटाच्या धारेशी बरोबर ओळीत आणला, की टेबल रंध्याचं काम करू लागतं: बिट १ मिलिमीटर तासतं आणि तासलेल्या कडेला डावीकडचा तुकडा लगेच आधार देतो. फेन्सची खालची कड रंध्यानं किंचित मारून घ्यावी, नाहीतर भुसा कोपऱ्यात साचतो आणि लाकूड फेन्सपासून केसभर दूर राहतं. मागे भुशाचा डबा करून त्याला व्हॅक्यूमची नळी जोडावी. एमडीएफचा भुसा फार बारीक, फुप्फुसात शिरणारा; मास्क लावूनच काम करावं.

तयार फेन्स घ्यायचीच असेल तर मापपट्टीकडे शेवटी पाहावं. आधी फेन्स टोकांपाशी आवळून मधोमध अंगठ्यानं जोरात दाबून बघावं. जी दबते ती परत करावी.