मुंबईला चाललात? मग अर्धा दिवस स्वतःसाठी ठेवा!

मुंबईला आपलं जाणं होतं ते बहुधा कुणाच्या तरी कामासाठी. दिराचं लग्न, भाचीचं बारसं, नाहीतर सासूबाईंना मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं असतं. चार दिवस नणंदेच्या स्वयंपाकघरात जातात, एक दुपार दादरच्या दुकानांत जाते आणि मुलांच्या हट्टासाठी गेटवे नि राणीची बाग होते. परतताना हाती उरतात साड्यांच्या पिशव्या आणि दुखणारे पाय!

मैत्रिणींनो, या खेपेला एक करा. जायच्या आधीच घरात सांगून टाका, "एक सकाळ माझी." आयत्या वेळी मागितली की ती हमखास कुणाच्या तरी कामात जाते. आणि ती सकाळ घालवायची कुठं? तर गर्दी जिथं जात नाही तिथं.

गिरगावातून सुरुवात

चर्नी रोडला उतरून चालत गिरगावात या आणि खोताच्या वाडीची वाट विचारा. अरुंद गल्ल्या, लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, रंगीत भिंती! मुंबईत आहोत यावर विश्वास बसत नाही. खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथल्या जागा विकल्या आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घरं बांधली. एके काळी अशी साठेक घरं होती, आता निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. म्हणून म्हणते, लवकर बघून घ्या. मात्र एक लक्षात ठेवा, ही लोकांची राहती घरं आहेत. आपल्या ओट्यावर कुणी न विचारता फोटो काढत बसलं तर आपल्याला चालेल का?

गिरगावातच केशवजी नाईकांच्या चाळी आहेत. १८९३ पासून तिथं सार्वजनिक गणपती बसतो. आपल्या गावच्या मंडपाचं मूळ एखाद्या चाळीच्या चौकात बघताना मजा वाटते.

गांधीजींचं बिऱ्हाड

तिथून टॅक्सीनं थोड्या अंतरावर, गावदेवीला, मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की या घरी उतरत. त्यांची खोली, चरखा, पुस्तकं तर आहेतच. पण मुलं बरोबर असतील तर त्यांना बाहुल्यांचे देखावे आधी दाखवा. गांधीजींचं सारं आयुष्य छोट्या छोट्या देखाव्यांतून मांडलं आहे. धड्यातलं पाठ करून जे ध्यानात राहत नाही, ते इथं राहतं.

समुद्राशेजारी गोडं पाणी

आता वाळकेश्वर. उंच इमारतींच्या मधून पायऱ्या उतरत गेलं की एकदम समोर येतो बाणगंगा तलाव. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, काठावर देवळं नि दीपमाळा. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला इथं तहान लागली आणि लक्ष्मणानं बाण मारून पाताळातली गंगा वर आणली, अशी कथा सांगतात. तलाव ११२७ मध्ये शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूंनी बांधला आणि १७१५ मध्ये रामा कामाती यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. नवल म्हणजे समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी झऱ्याचं पाणी गोडं! पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा जपून उतरा. इथं श्राद्धविधीही चालतात, तिथं घोळका करून उभ्या राहू नका. पाच मिनिटं नुसत्या शांत बसा. असं बसणं घरी कधी जमतं का?

राणीच्या बागेतला हत्ती

मुलांनी पेंग्विनसाठी राणीच्या बागेचा हट्ट धरलाच, तर शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती चुकवू नका. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला, पण उचलताना हत्तीचे तुकडे झाले आणि बेत फसला! ते तुकडे १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. संग्रहालयात निरनिराळ्या जातीजमातींच्या नि व्यवसायांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. बुधवारी मात्र जाऊ नका, सुट्टी असते. संग्रहालय चालू आहे ना, हेही आधी फोनवर विचारून घ्या.

निघताना

पायांत सवयीच्या चपला, पिशवीत पाण्याची बाटली, छत्री आणि सुटे पैसे. सकाळी लवकर निघा. उन्हाच्या आत गिरगाव उरकतं. एका दिवसात सगळं नको, दोन जागा नीट बघितल्या तरी पुष्कळ.

आणि हो, एकट्या जाऊ नका, नणंदेलाही ओढून न्या. वीस वर्षं मुंबईत राहूनही तिनं बाणगंगा पाहिलेली नसेल, बघा! तिलाही कुणीतरी "चल गं" म्हणायला हवंच असतं. एक वेळ घरच्यांना पोळीभाजी झाकून ठेवलेली चालते.