परकोटातील चंद्रपूर

मूलहून भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनास निघालेल्या यात्रेकरूला वाटेत चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट भेटतो. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर हे ४ दरवाजे आणि सुमारे ११ किलोमीटरची तटबंदी आजही नगराला कवेत घेऊन उभी आहे.

कोरियातील सुवॉन नगराचा १७९६ मध्ये पूर्ण झालेला कोट याच्या निम्माच. युद्धात भग्न झालेला तो कोट पुन्हा उभारला गेला आणि १९९७ मध्ये जागतिक वारसा ठरला. चंद्रपूरचा परकोट मात्र झाडाझुडपांत लोपत चालला होता. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’च्या तरुणांनी श्रमदानाने तो मोकळा करण्यास आरंभ केला.

जीर्णोद्धाराला पुण्य मानणाऱ्या समाजाने, ज्या नगरात आपली पेढी चालते, त्या नगराच्या तटाकडेही त्याच भावनेने पाहावे.