सुट्टीचा हिशेब : टाइमशेअर कंपनीकडून घ्यावे, की कुणाचे जुने?



आपल्या कार्यक्षेत्रातील बऱ्याच घरांतला एखादा मुलगा नाहीतर मुलगी नोकरीधंद्यानिमित्त मुंबईच्या बाजूला राहते. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा ही जुनी गावे आहेत. आज ती मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत येतात. समजा, राईला बिऱ्हाड केलेल्या अशाच एका कुटुंबाने मॉलमध्ये एक कूपन भरून दिले. चार दिवसांनी फोन येतो, "तुम्हाला भेटवस्तू लागली आहे, नवरा-बायको दोघांनी यावे." तिथे दोन तास रिसॉर्टची चित्रे दाखवतात आणि म्हणतात, "आजच सही केली तर एवढी सूट, उद्या भाव वेगळा." पैसे कमी पडले की फोन गावाकडे येतो, "अण्णा, उसाचे बिल जमा झाले का?"

म्हणून हा विषय शहरातल्या मुलांपुरता राहत नाही, तो उसाच्या पैशापर्यंत येतो. अलीकडे "कंपनीकडून नवे घेण्यापेक्षा कुणाचे जुने स्वस्तात मिळते, ते घेऊ का?" असाही प्रश्न विचारला जातो. दोन्हींचा हिशेब नीट मांडून पाहू.

टाइमशेअर म्हणजे काय?

सामाईक विहिरीचे पाणी भाऊबंद पाळीने घेतात, हे आपल्याला नवे नाही. टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधील खोलीची पाळी. खोली एकच, वापरणारी कुटुंबे अनेक, आणि प्रत्येकाला वर्षातले ठराविक दिवस. ही पद्धत युरोपात १९६० च्या दशकात सुरू झाली. स्वित्झर्लंडमधील हापीमाग ही संस्था १९६३ ची आहे. आपल्या देशात स्टर्लिंग ही कंपनी १९८६ साली आणि महिंद्र हॉलिडेज १९९६ साली निघाली. महिंद्रची सर्वांना माहीत असलेली योजना २५ वर्षांची, दरवर्षी ७ रात्रींची आहे.

विहिरीत आणि यात एक फरक आहे. विहिरीतला हिस्सा सात-बारावर येतो. कारखान्याच्या शेअरने आपण मालक होतो, वार्षिक सभेत मत देतो. टाइमशेअरच्या मेंबरशिपमध्ये बहुधा फक्त ठराविक वर्षे वापरण्याचा हक्क मिळतो. जमीन नाही, खोली नाही, मतही नाही. मुदत संपली की हक्क संपला. तेव्हा विक्रेता "ही गुंतवणूक आहे" म्हणाला, तर ते खरे धरू नये. हा आगाऊ भरलेला खर्च होय.

थेट कंपनीकडून घेतल्यास

पुढील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. आपल्या हातातल्या कागदावरचे आकडे त्या जागी घालून प्रत्येकाने स्वतः गणित करावे.

समजा, २५ वर्षांच्या मेंबरशिपची किंमत करासह रु. ५,००,००० आहे. याशिवाय दरवर्षी देखभालीची वार्षिक फी रु. २०,०००.

किंमत : रु. ५,००,०००
वार्षिक फी, २५ वर्षे : रु. ५,००,०००
एकूण : रु. १०,००,०००
रात्री (७ × २५) : १७५
एका रात्रीस : सुमारे रु. ५,७१४

विक्रेता पाच लाखांना १७५ ने भागून "रात्रीला तीन हजारही पडत नाहीत" असे सांगतो. वार्षिक फी तो त्या बेरजेत धरत नाही. आपण गेलो नाही तरी ही फी बहुतेक करारांत द्यावीच लागते. पाळीचे पाणी घेतले नाही म्हणून मोटरदुरुस्तीची वर्गणी चुकते का? तसेच हे आहे.

शिवाय फी वाढत जाते. दरवर्षी ५ टक्के वाढ धरली, तर २५ वर्षांची फी पाच लाख न राहता सुमारे साडेनऊ लाख होते. हॉटेलचे दर वाढतात हे विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे, पण फीही वाढते हे त्याने सांगितले पाहिजे.

आता वापराचे पाहू. सातही रात्री दरवर्षी कोण जातो? घरचे लग्नकार्य, आजारपण, मुलाची दहावी, ऊसतोड टोळी दारात आलेली. सरासरी चारच रात्री वापरल्या तर २५ वर्षांत १०० रात्री होतात आणि रात्रीस रु. १०,००० पडतात.

दुसरी बाजूही मांडू. तेच पाच लाख बँकेत मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला रु. ३५,००० व्याज येते. त्यात वाचलेली फी रु. २०,००० मिळवली की रु. ५५,००० झाले. एवढ्यात ७ रात्री, रात्रीस सुमारे रु. ७,८५० ची खोली घेता येते, आणि पाच लाखांचे मुद्दल जागेवर राहते. वर्षाला चारच रात्री जाणारा माणूस पाच हजारांच्या खोलीत राहिला तर खर्च होतो रु. २०,०००. म्हणजे जेवढी नुसती वार्षिक फी, तेवढ्यात त्याची सहल होते.

हप्त्याने घेतले तर व्याज वेगळे. आपल्याकडे पैसा वर्षातून एक-दोनदा हातात येतो, हप्ता मात्र दरमहा जातो. तेव्हा "महिन्याला फक्त एवढेच" हे शब्द ऐकले की सगळ्या हप्त्यांची बेरीज मागावी.

कुणाचे जुने घेतल्यास

ज्यांना जाणे जमत नाही, ते आपली मेंबरशिप विकायला काढतात. नव्याच्या मानाने ती पुष्कळ स्वस्त मिळते. याचा अर्थ असाही होतो की, आज आपण नवी घेतली, तर उद्या विकताना आपल्यालाही तेवढाच कमी भाव येणार.

समजा, १० वर्षे शिल्लक असलेली मेंबरशिप रु. ८०,००० ला मिळते आहे.

विकणाऱ्यास : रु. ८०,०००
नाव बदलण्याची फी : रु. ३०,०००
वार्षिक फी, १० वर्षे : रु. २,००,०००
एकूण : रु. ३,१०,०००
रात्री (७ × १०) : ७०
एका रात्रीस : सुमारे रु. ४,४३०

दोन वर्षांची फी थकलेली असेल आणि ती आपल्या गळ्यात पडली, तर आणखी रु. ४०,००० जाऊन रात्र रु. ५,००० ची होते. तरीही ही रात्र नव्यापेक्षा स्वस्तच पडते. शिवाय दहा वर्षांत मोकळे होता येते आणि कमी पैसा अडकतो. मात्र जुना ट्रॅक्टर घेताना आपण आर.सी. बुक, बँकेचा बोजा आणि इंजिनाचे तास पाहतो, तसे येथेही पाहिले पाहिजे :

१. मूळ करार पाहावा. शिल्लक वर्षे, खोलीचा आकार व हंगाम त्यातच कळतो.
२. फी थकलेली नाही, कर्जाचा हप्ता राहिलेला नाही, असे कंपनीचे लेखी पत्र घ्यावे. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.
३. नाव बदलून देण्यास कंपनीची संमती लागते. आपल्या कारखान्याचा शेअर संचालक मंडळाच्या मंजुरीशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाही, तसेच हे. संमती व फी आधी विचारावी, पैसे नंतर द्यावेत.
४. नवीन मेंबरला मिळणाऱ्या सगळ्या सवलती जुने घेणाऱ्याला मिळतीलच असे नाही. दुसऱ्या कंपनीच्या किंवा परदेशातील रिसॉर्टशी अदलाबदल करता येते का, हेही विचारावे.

आणि एक सावधगिरी. आपल्याकडे मेंबरशिप असेल तर "तुमची विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, आधी नोंदणीचे एवढे पैसे भरा" असा फोन येऊ शकतो. पैसे भरल्यावर ना गिऱ्हाईक दिसते, ना फोन करणारा. विकण्यासाठी आगाऊ पैसे कुणालाही देऊ नयेत.

हंगाम पाहून बोला

मेंबरशिपला हंगामाप्रमाणे रंग दिलेले असतात. महिंद्रच्या योजनेत जांभळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार होत. जांभळा सर्वांत महाग, निळा सर्वांत स्वस्त. खालच्या रंगाच्या मेंबरला गर्दीच्या दिवसांत सहसा खोली मिळत नाही.

आपले वेळापत्रक वेगळे आहे. गाळप सुरू असताना घर सोडवत नाही. शाळकरी मुले असली तर मे महिना आणि दिवाळी, म्हणजे नेमके महागाचे दिवस. स्वस्त म्हणून निळा घेतला आणि मे महिन्यात महाबळेश्वर मागितले, तर उत्तर "जागा नाही" असेच येणार. उलट ज्यांची मुले मोठी झाली, त्यांना आडसाली लागण आटोपल्यावर पावसाळ्याअखेर फिरता येते. त्या दिवसांत हॉटेलांचेच दर उतरलेले असतात, मग मेंबरशिप कशाला?

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची (स्थापना १९७५) निवासस्थाने महाबळेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली, भंडारदरा येथे आहेत. जायचे तेव्हा पैसे भरावेत, नाही गेलो तर फी नाही. राईला राहणाऱ्यांना तर उत्तन-गोराईचा किनारा दाराशीच आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येते.

सुट्टीच्या नावाखाली ठेव

हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. सुट्टीच्या खोल्यांच्या नावावर पैसे गोळा करून "राहायला नाही गेलात तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत" असे सांगणाऱ्या योजना आपल्या राज्यात गावोगाव एजंटांमार्फत पोचल्या होत्या. अशा योजना म्हणजे बिनपरवाना सामूहिक गुंतवणूक होय, असे 'सेबी'ने ठरवले. रॉयल ट्विंकल स्टार क्लब या कंपनीविरुद्ध २०१५ साली आदेश निघाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज कंपनीस सुमारे रु. ७,०३५ कोटी परत करण्याचा आदेश झाला. त्यात पैसे गुंतलेल्यांची संख्या ५१ लाखांच्या वर होती. आदेश निघाला म्हणजे पैसा लगेच घरी आला, असे होत नाही.

खूण सोपी आहे. खरी टाइमशेअर कंपनी खोली विकते, पैसे वाढवून देण्याचे वचन देत नाही. "खोली नको असेल तर व्याज घ्या" असे कोणी म्हणाले की तिथून उठावे, मग तो एजंट नात्यातला का असेना.

सही करण्यापूर्वी

टाइमशेअरसाठी आपल्या देशात वेगळा कायदा नाही. युरोपीय संघात २००८ च्या नियमानुसार सही केल्यावर १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते. आपल्याकडे माघारीची मुदत करारात असेल तेवढीच. ती किती दिवसांची व पैसे किती कापून मिळतात, हे सहीआधी वाचावे. विक्रेत्याने तोंडी दिलेली आश्वासने कागदावर लिहून मागावीत. तो लिहून देत नसेल, तर ते आश्वासन नाही असेच समजावे.

फसवणूक झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. राईच्या कुटुंबाला ठाणे जिल्हा आयोग, आपल्याला आपल्या जिल्ह्याचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

थोडक्यात, दरवर्षी सातही रात्री नेमाने जाणारे, काही महिने आधी तारखा ठरवू शकणारे आणि कर्ज न काढता पैसे भरू शकणारे कुटुंब असेल, तर त्याने विचार करावा, आणि तोही आधी जुन्याचा, मग नव्याचा. बाकीच्यांनी जायचे तेव्हा खोली घ्यावी. मुलाचा गावाकडे फोन आला, तर त्याला एवढेच सांगावे की, "आज सही करू नकोस. कागद घरी घेऊन ये, आपण मिळून बेरीज करू." उद्या भाव वाढेल अशी भीती घालून केलेला व्यवहार, मग तो बैलाचा असो की रिसॉर्टचा, घेणाऱ्याच्या फायद्याचा क्वचितच असतो.