उत्तरतालिकेतलं गुपित

बहुपर्यायी पेपर काढणाऱ्याला बरोबर उत्तर लपवायचं असतं. ‘अ’ला ठेवलं तर फारच उघड्यावर पडतं, ‘ड’ला ठेवलं तरी काठावरच. मग हात आपसूक ‘ब’ आणि ‘क’कडे वळतो. यिगाल अताली आणि माया बार-हिलेल या संशोधकांनी ही खोड आकडेवारीने दाखवून दिली. गंमत म्हणजे, अंदाजपंचे उत्तर ठोकणारा विद्यार्थीही मधलेच पर्याय धरतो. लपवणारा आणि शोधणारा, दोघे एकाच जागी!

ही खोड पकडायचं हत्यार कार्ल पिअर्सनने 1900 सालीच देऊन ठेवलं होतं : काय-वर्ग कसोटी. समजा, 100 प्रश्नांच्या तालिकेत अ, ब, क, ड अनुक्रमे 18, 31, 33, 18 वेळा आले. अपेक्षा प्रत्येकी 25. फरकांचे वर्ग करा, 25 ने भागा, बेरीज घ्या : 7.92. चार पर्यायांसाठी 5 टक्के पातळीची हद्द 7.815 आहे, म्हणजे थोडक्यात का होईना, पण पेपर काढणारा सापडला. इथे संख्येच्या जागी टक्के भरायचा मोह मात्र आवरावा. हेच टक्के 200 प्रश्नांच्या पेपरात आले, तर उत्तर दुप्पट होतं, 15.84, टक्के भरणाऱ्याला ते कळतच नाही.

मग प्रत्येक पर्याय बरोब्बर 25 वेळा ठेवला तर? काय-वर्ग शून्य. पेपर काढणारा खूश, पण संख्याशास्त्रज्ञाच्या कपाळावर आठी : इतकं नेमकं जुळणं नशिबाने क्वचितच घडतं. आनुवंशिकतेच्या प्रयोगांतले मेंडेलच्या वाटाण्यांचे आकडे अपेक्षेशी नको तितके जुळतात, असं संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने 1936 साली म्हटलं, ते याच कसोटीच्या जोरावर.

पर्याय असे मोजूनमापून वाटण्याचं काम अमेरिकेतल्या सॅट परीक्षेचे कर्ते करत होते. उत्तरांच्या जागा चिठ्ठ्या टाकून न ठरवता ते पर्यायांचा समतोल मुद्दाम राखत, आणि या गुपिताचा सुगावा क्लासवाल्यांनाही लागलेला नव्हता. बार-हिलेल आणि अताली यांनी तालिका तपासून ते फोडलं. युक्ती अगदी साधी : येणारे प्रश्न आधी सोडवा, कुठला पर्याय सगळ्यांत कमी वेळा आलाय ते मोजा आणि अडलेल्या प्रश्नांना तोच ठोका. त्यांच्या हिशेबाने सॅटमध्ये सरासरी 10 ते 16 गुण जास्तीचे पदरात पडत, तेही विषयाचं एक अक्षर जास्त न वाचता.