तारापूरला समुद्र कशाला लागतो?

मुंबईत माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना १९५४-५५ साली समुद्र हवा होता तो तेलाची जहाजं लागायला. तारापूरच्या अणुवीज केंद्राला समुद्राकडून हवा असतो फक्त गारवा. पण तो इतका, की समुद्राला अर्धं यंत्रच म्हणावं.

भारतातली पहिली अणुवीज इथली. पहिल्या दोन अणुभट्ट्यांची व्यावसायिक वीजनिर्मिती २८ ऑक्टोबर १९६९ ला सुरू झाली. कोळशाच्या खाणी दूर, मुंबई आणि गुजरात मात्र जवळ, म्हणून बोईसरच्या पश्चिमेची ही किनारपट्टी निवडली गेली. यंत्रं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची. भारताच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार होमी भाभा यांना हा दिवस बघायला मिळाला नाही. १९६६ च्या विमान अपघातात ते गेले.

आत घडतं काय? पाणी उकळतं, बस्स! युरेनियमचे अणू फुटतात, ती उष्णता भोवतालच्या पाण्याला लागते. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, तसंच हे. फक्त इथला दाब हवेच्या सुमारे ७० पट, म्हणून पाणी उकळतं २८५ अंश सेल्सिअसच्या आसपास. त्या वाफेवर टर्बाइन फिरतं.

खरी गंमत पुढे आहे. टर्बाइनमधून सुटलेली वाफ कंडेन्सरमध्ये येते. तिथे असंख्य बारीक नळ्या. आतून समुद्राचं पाणी, बाहेरून वाफ. निवून पाणी होताना वाफेचं आकारमान हजारो पटींनी घटतं आणि जवळजवळ निर्वात पोकळी तयार होते. आता समजा, एखाद्या नळीला छिद्र पडलं. भट्टीचं पाणी समुद्रात जाईल, अशी भीती कुणालाही वाटेल. होतं उलटं! दाब वाफेच्या बाजूला कमी, त्यामुळे समुद्रच आत शिरतो. आणि मीठ हा भट्टीतल्या पोलादाचा वैरी, म्हणून पाण्यातल्या क्षारांवर सतत नजर ठेवावी लागते.

एवढं करून उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो. बाकीची समुद्रात.

१९७४ च्या पोखरणच्या अणुचाचणीनंतर अमेरिकेनं इंधनाबाबत हात आखडता घेतला. मग फ्रान्स, चीन, रशिया अशी दारं धुंडाळावी लागली. २००५-०६ मध्ये ५४० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. या भट्ट्या वेगळ्या धाटणीच्या. त्यांच्या आतलं जड पाणी, म्हणजे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं पाणी, वाफ होऊन टर्बाइनकडे जात नाही. ते आपली उष्णता साध्या पाण्याला देतं आणि वाफ त्याची होते. म्हणजे भट्टी आणि समुद्र यांच्यामध्ये नळ्यांची आणखी एक भिंत उभी राहिली.