गाठी नसलेला गाठींचा विकार

स्त्रियांच्या मासिक पाळीविषयी चारचौघांत, त्यातून व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा प्रघात आपल्याकडे फार जुना नाही. ‘कावळा शिवला’ एवढे म्हटले, की मोठ्यांनी समजून घ्यायचे आणि लहानांनी न समजता गप्प बसायचे, अशी आमच्या घरांची रीत होती. आता मात्र एक इंग्रजी नाव घरोघर पोचले आहे. सकाळी गोरेगावकडून आरे कॉलनीच्या झाडीत फिरायला जाणाऱ्या मंडळींत आईबरोबर निघालेल्या कॉलेजातल्या मुली दिसतात, आणि कुणी चौकशी केलीच तर उत्तर मिळते, ‘पीसीओडी निघालंय हो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.’ पुढे आवाज खाली येतो. ‘बीजकोशात गाठी आहेत म्हणे. लग्नाचं कसं व्हायचं?’

या कुजबुजीतल्या ‘गाठी’ या शब्दानेच सारा घोटाळा केला आहे, असे आमचे मत आहे. तो सोडवण्यासाठी आरे कॉलनीतून फार लांब जावे लागत नाही. दारा खुरोडी यांनी मुंबईतले तबेले शहराबाहेर हलवण्यासाठी जी दुग्धवसाहत उभारली आणि जिचे १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले, तिथल्या कोणत्याही युनिटातल्या जाणत्या गवळ्याला विचारावे. म्हैस साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते, ती कधी ‘मुका माज’ दाखवते, आणि खाणेपिणे बिघडले तर माजावर येतच नाही, हे तो सांगेल. गुरांच्या डॉक्टरांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. गाईच्या बीजकोशात कधी कधी खरोखरच एखादी मोठी, अडीच सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहून मोठी पाण्याने भरलेली गाठ धरते आणि हटत नाही. (म्हशीत हे त्या मानाने कमी.) बाईची तुलना गाईम्हशींशी केलेली कुणाला रुचणार नाही, आम्हालाही ती पुढे न्यायची नाही. सांगायचे ते इतकेच, की गाईत जी गाठ असते, तशी गाठ या विकारात स्त्रीच्या बीजकोशात नसतेच.

मग सोनोग्राफीत दिसते ते काय? दर महिन्याला बीजकोशात अनेक लहान लहान पुटिका वाढू लागतात. पुटिका म्हणजे द्रवाची चिमुकली पिशवी. प्रत्येकीत एक स्त्रीबीज असते. त्यांपैकी एकच पुढे सरसावते, सुमारे दोन सेंटिमीटर होते, फुटते आणि बीज बाहेर पडते. बाकीच्या सुकून जातात. या विकारात दोन ते नऊ मिलिमीटरपर्यंत वाढलेल्या पुष्कळ पुटिका तिथेच थांबतात, एकही पुढे जात नाही. बीज सुटले नाही म्हणून पाळी लांबते. थांबलेल्या पुटिका बीजकोशाच्या कडेने माळेतल्या मण्यांसारख्या दिसतात, आणि त्यांनाच ‘सिस्ट’ म्हटले गेले. त्या काढून टाकायच्या नसतात, त्या फुटून विष पसरत नाही, आणि त्यांचा कर्करोगही होत नाही. वाटेत अडकलेल्या त्या निरोगी पुटिकाच होत.

अडवते कोण, याचे उत्तर संशोधकांना बरीच वर्षे सापडत नव्हते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक अंतःस्राव प्रमाणाबाहेर येतो व बीजकोशाला पुरुषी म्हणून ओळखले जाणारे अंतःस्राव अधिक तयार करायला लावतो. हे अंतःस्राव प्रत्येक स्त्रीत थोडे असतातच. वाढले की हनुवटीवर, ओठावर केस येतात, मुरुमे हटत नाहीत. १९८० साली या चित्रात इन्सुलिन आले. या स्त्रियांपैकी पुष्कळींच्या शरीरातल्या पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते. स्नायू बहिरे झाले तरी बीजकोश मात्र बहिरा होत नाही. त्याला ही वाढलेली हाक पुरती ऐकू येते आणि तो पुरुषी अंतःस्राव आणखी बनवतो. मुलीच्या मानेवर काळसर, मखमलीसारखा पट्टा दिसतो तो याच इन्सुलिनची खूण असतो. आई तो मळ समजून दगडाने घासते, आणि मुलगी निमूट सोसते.

हे कळण्यापूर्वी उपचार सुरीचा होता. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. दोन्ही बीजकोशांचा मोठा भाग कापून काढल्यावर त्यांची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले. विकाराला या दोघांचे नाव पडले व शस्त्रक्रिया जगभर पसरली. पुढे असे दिसले, की कापलेल्या जागी आतले पदर एकमेकांना चिकटतात, आणि मूल होण्याची वाट मोकळी करायला गेलेली सुरी कधी कधी ती वाटच बंद करते.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. परळला प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या डॉ. बीना जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष छापले. दवाखान्यात तक्रार घेऊन आलेल्या मुली न मोजता त्यांनी वस्तीतल्या मुली तपासल्या, म्हणून या कामाला मोल आहे. एका कसोटीने २२.५ टक्के मुलींना हा विकार ठरला, दुसऱ्या कसोटीने १०.७ टक्के. मुली त्याच, तपासण्या त्याच. कसोटी बदलली आणि आकडा निम्म्याहून खाली आला! २००३ साली रॉटरडॅमला ठरलेल्या मापाप्रमाणे तीनपैकी कोणत्याही दोन गोष्टी पुरतात : पाळीची अनियमितता, पुरुषी अंतःस्रावांची वाढ आणि सोनोग्राफीतली माळ. दुसरे माप पुरुषी अंतःस्रावांची वाढ असलीच पाहिजे असा आग्रह धरते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १८ ते ४० वयाच्या ९,८२४ स्त्रिया तपासल्या होत्या. तिथेही तीन मापांनी ७.२, १३.६ आणि १९.६ असे तीन वेगळे टक्के निघाले. तेव्हा ‘पाचातल्या एकीला’ असे ठळक अक्षरांत वाचले, की कोणत्या गजाने मोजले, हे विचारावे.

त्या मुंबईच्या पाहणीतली दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावते. विकार आढळलेल्या मुलींपैकी ७१.८ टक्के मुली स्थूल नव्हत्याच. ‘जाडीमुळे होते, खाणे आवर’ असे मुलीला ऐकवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आपल्या लोकांत अंगाने सडपातळ आणि आतून मेदाने भरलेले पुष्कळ असतात, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपल्याच उदाहरणावरून दाखवले. त्यांचा आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३; पण इंग्रजाच्या अंगात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणून आरेतल्या फेरीचा हिशेब नुसत्या वजनकाट्यावर मांडू नये. चालल्याने स्नायू इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागतात, काटा हलला नाही तरीही. प्रौढ स्त्रीने आठवड्यात किमान १५० मिनिटे, आणि शाळकरी मुलीने रोज तासभर अंग हलवावे, असे आजचे जागतिक मार्गदर्शन सांगते.

याच मार्गदर्शनात, २०१८ आणि पुन्हा २०२३ साली, मुलींच्या बाबतीत एक गोष्ट निक्षून सांगितली आहे. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये. त्या वयात निरोगी मुलींच्या बीजकोशांतही भरपूर पुटिका असतात. पहिल्या वर्षी पाळी मागेपुढे होणे स्वाभाविकच. पहिल्या ते तिसऱ्या वर्षी ती ४५ दिवसांहून आणि त्यानंतर ३५ दिवसांहून लांबत राहिली, तर मात्र डॉक्टरांकडे जावे. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात ‘गाठी’ लिहिलेला कागद देऊन तिच्या लग्नाची काळजी सुरू करणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्या कागदाला त्या वयात निदान म्हणून किंमत नाही.

मूल होण्याविषयीची भीतीही वाजवीपेक्षा मोठी आहे. बीज असते, ते सुटत नाही एवढेच. आणि सोडवण्याची औषधे आहेत. जुने औषध क्लोमिफेन, १९६० नंतरचे. मधुमेहाचे मेटफॉर्मिन त्याहून सरस ठरेल अशी आशा होती. अमेरिकेत ६२६ स्त्रियांवर केलेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात क्लोमिफेनने २२.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, नुसत्या मेटफॉर्मिनने ७.२ टक्के. पुढे लेट्रोझोल आले, मुळात स्तनाच्या कर्करोगावरचे. २००५ साली एका परिषदेत कुणी सांगितले, की या औषधानंतर झालेल्या बाळांत व्यंगे अधिक दिसतात. बाळे होती १५०, आणि त्यांची तुलना केली होती सुखरूप बाळंतपणाच्या ३६,०५० बाळांशी; म्हणजे ज्यांच्या आयांना मुळात उपचारांची गरजच नव्हती त्यांच्याशी. पुढच्याच वर्षी ९११ बाळांची तुलना झाली, या वेळी दोन्हीकडे उपचार घेतलेल्याच आया होत्या. लेट्रोझोलच्या बाळांत व्यंगे २.४ टक्के, क्लोमिफेनच्या बाळांत ४.८ टक्के. तरीही आपल्या सरकारने २०११ साली वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरण्यावर बंदी घातली. २०१४ साली ७५० स्त्रियांवरच्या प्रयोगात लेट्रोझोलने २७.५ टक्के आणि क्लोमिफेनने १९.१ टक्के स्त्रिया माता झाल्या. आपली बंदी उठली २०१७ साली. मधली सहा वर्षे इथल्या किती जोडप्यांची वये वाढली, याची नोंद कोणत्याही सरकारी कागदावर नाही.

मूल नको असेल तेव्हा उपचार वेगळा. पाळी नियमित करण्यासाठी व केस-मुरुमांसाठी संततिनियमनाच्याच गोळ्या देतात. अविवाहित मुलीला ही गोळी दिली की घरात वादळ उठते; इथे ती औषध म्हणून दिलेली असते. पाळी महिनोन्‌महिने येऊ न देणे बरे नाही, कारण गर्भाशयाचे अस्तर साचत जाते आणि पुढे तिथे कर्करोगाचा धोका वाढतो. साखरेचा कल असेल तर मेटफॉर्मिन. मन खचले आहे का, याचीही चौकशी डॉक्टरांनी करावी असे आता ठरले आहे, आणि ती आपल्याकडे क्वचितच होते.

लग्न झाले, मूल झाले, की हा विषय घरात संपतो. शरीरात संपत नाही. अशा स्त्रीला मधुमेह इतरांपेक्षा अधिक आणि लवकर गाठतो. उपाशीपोटीची साखर ठीक येऊनही दोष लपून राहू शकतो, म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी सांगतात, आणि धोका पाहून दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा. मुलांची शाळा, सासूसासऱ्यांचे औषधपाणी या धांदलीत ती फेरी चुकते ती हटकून आईचीच.